खर्जाला बळ हवे, पण किती?

आरंभी एक सोपे गणित करू. एका अ‍ॅम्प्लिफायरची शक्ती २५ वॅट आहे आणि दुसऱ्याची ३०० वॅट. दोघांना आलटून पालटून एकच स्पीकर जोडला आणि दोन्ही पूर्ण शक्तीने वाजवले, तर दुसऱ्याचा आवाज पहिल्यापेक्षा किती पट मोठा ऐकू येईल?

“बारा पट,” असे उत्तर वर्गातून चटकन येईल. वहीत ते बरोबर आहे, कानावर मात्र चूक आहे. आवाज दुप्पट झाला असे आपल्या कानाला वाटण्यासाठी शक्ती साधारणपणे दहापट करावी लागते. म्हणून बारापट शक्तीचा अ‍ॅम्प्लिफायर आपल्याला दुपटीहून जरासाच मोठा वाटतो.

हे आकडे मी मनाने घेतलेले नाहीत. रॉक संगीत बाल्यावस्थेत होते तेव्हा, म्हणजे १९५० च्या दशकाच्या आरंभी, बेस गिटारसाठी बनवलेला अ‍ॅम्प्लिफायर २५ वॅटच्या आसपास होता. १९६९ मध्ये तो ३०० वॅटचा झाला. या सतरा-अठरा वर्षांत जे घडले ते संगीताच्या इतिहासात गायकांच्या आणि गिटारवादकांच्या नावाने सांगितले जाते; त्या लाकडी पेट्यांकडे फारसे कोणी पाहत नाही. मला मात्र वाटते की त्या पेट्यांची कहाणी प्रत्येक शाळकरी मुलाने समजून घ्यावी. तिचा पूर्वार्ध एका खऱ्या अडचणीवर शोधलेल्या शास्त्रीय उपायाचा आहे. उत्तरार्ध तोच उपाय मोजमाप सोडून वापरल्याचा आहे. या दोहोंमधला फरक ओळखता आला नाही, तर त्याची किंमत आपल्याच कानांना मोजावी लागते.

खर्जाची अडचण

बेस गिटार हे खर्जाचे वाद्य. त्याच्या सर्वांत जाड तारेची कंपनसंख्या सेकंदाला सुमारे ४१, म्हणजे ४१ हर्ट्झ असते. साध्या गिटारच्या सर्वांत जाड तारेची ८२ हर्ट्झ, म्हणजे बरोबर एक सप्तक वर. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर धरला, तर या खर्ज स्वराची तरंगलांबी ८ मीटरहून अधिक येते. वर्गाच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत जेमतेम एक लाट मावेल!

असा स्वर ऐकवणे तीन कारणांनी अवघड आहे.

पहिले कारण आपल्या कानात आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत फ्लेचर आणि मन्सन या शास्त्रज्ञांनी १९३३ मध्ये दाखवून दिले की, आपला कान सर्व स्वरांना सारखा न्याय देत नाही. मधल्या पट्टीतील स्वरांना तो तीक्ष्ण असतो, खर्जाला बधिर. हळू आवाजात ऐकताना १००० हर्ट्झच्या स्वराइतकाच ४० हर्ट्झचा स्वर ऐकू यावा, यासाठी दहा हजार पटींहून अधिक ध्वनिशक्ती लागते. आवाज मोठा असला की हा फरक कमी होतो, तरी काहीशे पटींचा राहतोच.

दुसरे कारण स्पीकरमध्ये आहे. स्पीकरचा कागदी शंकू पुढेमागे हलून हवेला धक्के देतो. तेवढाच ध्वनिदाब एक सप्तक खाली निर्माण करायचा असेल, तर शंकूला चौपट अंतर हलावे लागते. लहान शंकूला ते झेपत नाही. तो फाटतो किंवा त्याची गुंडाळी जागेवरून सरकते.

तिसरे कारण पेटीत आहे. शंकू पुढची हवा दाबतो तेव्हा त्याच्या मागची हवा विरळ होते. पेटी मागून उघडी असेल, तर खर्जाची ती लांबलचक लाट कडेने वळसा घालून पुढे येते आणि पुढचा दाब व मागची विरळता एकमेकांना खाऊन टाकतात. वरच्या स्वरांच्या लाटा आखूड असतात, त्यामुळे त्यांचे एवढे नुकसान होत नाही.

फुलर्टनमधील दुरुस्तीचे दुकान

१९५० पूर्वी अमेरिकेतील नाचगाण्याच्या वाद्यवृंदात खर्जाचे काम ‘डबल बेस’ हे वाद्य करी. व्हायोलिनच्या कुळातले, माणसाहून उंच, उभे धरून वाजवायचे वाद्य. शेजारच्या गिटारला विजेचे बळ मिळाले तशी या वाद्याची पंचाईत झाली. वादक तारा ओढून ओढून थके, पण ढोल आणि विजेची गिटार यांच्यापुढे त्याचे कोणाला ऐकू जाईना.

कॅलिफोर्नियातील फुलर्टन या गावी लिओ फेंडर नावाचे गृहस्थ पूर्वी रेडिओदुरुस्तीचे दुकान चालवीत. ते स्वतः गिटारवादक नव्हते. पण दुकानात येणाऱ्या वादकांची गाऱ्हाणी ते लक्षपूर्वक ऐकत. त्यांनी १९५१ मध्ये ‘प्रिसिजन बेस’ ही विजेची बेस गिटार बाजारात आणली. ती आडवी धरता येई, मोटारीत मावे, आणि तिच्या दांड्यावर पडदे असल्याने स्वर नेमका लागे. ‘प्रिसिजन’ हे नाव त्यावरूनच पडले. नुसती गिटार पुरेशी नव्हती. साध्या गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरला हा खर्ज पेलत नव्हता. म्हणून १९५२ मध्ये त्यांनी खास बेससाठी ‘बेसमन’ हा अ‍ॅम्प्लिफायर काढला. आत निर्वात नलिका, म्हणजे आपण ज्यांना रेडिओचे व्हॉल्व्ह म्हणत असू ते, आणि एक १५ इंची स्पीकर. ट्रान्झिस्टरचा शोध १९४७ च्या डिसेंबरात लागला होता खरा, पण एवढी शक्ती हाताळणारे ट्रान्झिस्टर अजून दूर होते.

याच सुमारास एव्हरेट हल हे दुसरे गृहस्थ वेगळ्या वाटेने त्याच प्रश्नाशी झुंजत होते. ते स्वतः डबल बेस वाजवीत. वाद्याच्या खालच्या खुंटीत मायक्रोफोन बसवण्याची युक्ती त्यांनी काढली आणि ‘अ‍ॅम्प्लिफाइड पेग’ या शब्दांवरून त्यांच्या कंपनीचे नाव ‘अ‍ॅम्पेग’ पडले. १९६० मध्ये या कंपनीने ‘पोर्टाफ्लेक्स बी-१५’ हा अ‍ॅम्प्लिफायर आणला. याची शक्तीही २५ वॅटच्या आसपासच. पण त्याची पेटी मागून बंद होती आणि आत १५ इंची स्पीकर होता. वरचे झाकण उलटे केले की व्हॉल्व्हचा भाग पेटीच्या पोटात जाई, आणि सगळे बिऱ्हाड एकाच पेटीत बांधले जाई. खर्जाच्या वर सांगितलेल्या अडचणींपैकी दोन या पेटीने वॅट न वाढवता दूर केल्या, हे लक्षात ठेवा.

या साधनांमुळे काय बदलले? एल्व्हिस प्रेस्लीचे बेसवादक बिल ब्लॅक आरंभी डबल बेसच वाजवीत. १९५७ पर्यंत त्यांच्या हाती विजेची बेस गिटार आली. त्या काळची ध्वनिमुद्रणे क्रमाने ऐकली तर फरक कळतो. आधीच्या गाण्यांत खर्ज हा टपटप असा ठेका आहे, पुढच्या गाण्यांत त्याच जागी स्पष्ट सुरांची एक ओळ चालू लागते. रॉक संगीतात बेसवादकाला स्वतःचे बोलणे मिळाले ते या पेट्यांमुळे. ही मागणी न्याय्य होती. खर्जाला बळ हवेच होते आणि ते का हवे, हे विज्ञान स्पष्ट सांगते.

भिंत उभी राहते

पुढची गोष्ट गमतीची आहे. १९५० च्या दशकाच्या मध्यास बेसमनला एका १५ इंची स्पीकरऐवजी चार १० इंची स्पीकर मिळाले, आणि दशक संपता संपता शक्ती ४० वॅटच्या घरात गेली. पेटी मागून उघडी होती. त्यामुळे खर्जासाठी ती उत्तम नव्हती. पण साध्या गिटारवाल्यांना ती फार आवडली. व्हॉल्व्हवर शक्तीबाहेर भार टाकला की लाटेचे माथे चपटे होतात आणि मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनसंख्येचे ‘अधिस्वर’ उमटतात. अभियंत्याच्या भाषेत ही विकृती. वादकाला मात्र त्यात भारदस्तपणा वाटला.

लंडनच्या हॅनवेल भागात जिम मार्शल यांचे वाद्यांचे दुकान होते. ते स्वतः ड्रम शिकवीत. अमेरिकेतून येणारे अ‍ॅम्प्लिफायर महाग पडत, म्हणून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ मध्ये बेसमनच्याच विद्युतमंडलावर बेतलेला अ‍ॅम्प्लिफायर इंग्लंडात मिळणाऱ्या भागांतून तयार केला. त्याच्यासोबत मागून बंद अशी, चार १२ इंची स्पीकरांची पेटी दिली. रॉक संगीतातील गिटारचा जो आवाज पुढे जगभर गाजला, त्याचे मूळ असे एका बेसच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये आहे.

आता चढाओढ सुरू झाली. मार्शल यांच्या गिऱ्हाइकांत ‘द हू’ या वाद्यवृंदाचे बेसवादक जॉन एंटविसल आणि गिटारवादक पीट टाऊनशेंड होते. बेसचा आवाज वाढला की गिटार दबे; गिटारचा वाढला की बेस दबे; दोघांचा वाढला की गायकाला स्वतःचा आवाज ऐकू येईना. १९६५ च्या सुमारास मागणी १०० वॅटवर गेली आणि स्पीकरच्या पेट्यांवर पेट्या रचल्या जाऊ लागल्या. १५ ऑगस्ट १९६५ रोजी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये बीटल्सचा कार्यक्रम झाला. ५५ हजारांहून अधिक प्रेक्षक होते. व्हॉक्स कंपनीने त्यांच्यासाठी १०० वॅटचे अ‍ॅम्प्लिफायर दिले होते. तरी प्रेक्षकांच्या आरोळ्यांपुढे संगीत नीट ऐकू गेले नाही. दुसऱ्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये बीटल्सनी दौरे कायमचे थांबवले.

१९६९ मध्ये अ‍ॅम्पेगने ‘एसव्हीटी’ हे धूड तयार केले. आत १४ व्हॉल्व्ह, शक्ती ३०० वॅट, नुसत्या वरच्या भागाचे वजन चाळीस किलोच्या घरात, आणि खाली आठ-आठ स्पीकरांच्या दोन पेट्या. रोलिंग स्टोन्सच्या त्या वर्षीच्या अमेरिका दौऱ्यात ते वापरले गेले. १९७६ मध्ये लंडनमधील चार्ल्टन येथील ‘द हू’चा कार्यक्रम जगातील सर्वांत मोठ्या आवाजाचा म्हणून गिनेसच्या विक्रमांच्या पुस्तकात नोंदला गेला. पुढे त्या पुस्तकाने हा विक्रम नोंदवणेच सोडून दिले, कारण तो मोडण्याच्या नादात लोकांच्या कानांना इजा होण्याची भीती होती.

विक्रमाची नोंद थांबली, पण इजा होऊन गेली होती. टाऊनशेंड यांनी आपल्या श्रवणदोषाबद्दल पुढे जाहीरपणे सांगितले. ध्वनिमुद्रणाच्या वेळी कानाला लावलेल्या हेडफोनचाही त्यात मोठा वाटा असल्याचे त्यांचे म्हणणे आहे. रात्रंदिवस कानात इअरफोन घालणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावे.

शांत डोक्याची वाट

कोणी म्हणेल, “त्या काळी दुसरा उपायच नव्हता.” मला हे पटत नाही. उपाय होते, आणि त्याच काळात काही जण ते वापरत होते.

डेट्रॉइट शहरात मोटाऊन या कंपनीचा ध्वनिमुद्रणकक्ष एका साध्या घरात होता. तेथील बेसवादक जेम्स जेमर्सन हे आजही त्या वाद्याचे थोर वादक मानले जातात. कार्यक्रमात ते बी-१५ वापरीत. ध्वनिमुद्रणाच्या वेळी मात्र त्यांच्या गिटारची तार थेट मुद्रणयंत्रणेच्या फळ्याला जोडली जाई. गाणे तयार झाले की ते मोटारीतील रेडिओसारख्या छोट्या स्पीकरवर वाजवून पाहत. एवढ्याशा स्पीकरमधून ४१ हर्ट्झ बाहेर पडणे शक्य नव्हते, तरी लोकांना बेस ऐकू आला. कसा? मूळ स्वर गाळला तरी त्याचे ८२, १२३, १६४ हर्ट्झचे अधिस्वर कानावर पडले, की आपला मेंदू त्यांवरून मूळ स्वर जुळवून घेतो. खर्ज ऐकू येण्यासाठी तो सगळाच्या सगळा हवेत असावा लागत नाही!

लंडनमध्ये बीटल्सच्या तंत्रज्ञांनी १९६६ मध्ये आणखी एक युक्ती केली. बेसचा आवाज भरदार उतरावा म्हणून त्यांनी बेसच्या स्पीकरसमोर मायक्रोफोनऐवजी दुसरा मोठा स्पीकरच ठेवला आणि त्याचा मायक्रोफोन म्हणून उपयोग केला. स्पीकरमध्ये वीज दिली की शंकू हलतो. उलट शंकू हलवला की वीज निर्माण होते. नववी-दहावीच्या पुस्तकातले विद्युतचुंबकीय प्रवर्तन ते हेच. शे स्टेडियममधल्या १०० वॅटना जे साधले नाही, ते या एका युक्तीने साधले.

रंगमंचाचा प्रश्नही असाच सुटला. १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत सभागृहाची ध्वनियंत्रणा फक्त गायकांसाठी असे. प्रत्येक वाद्याला स्वतःच्या पेटीच्या बळावर शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचावे लागे. पुढे सर्व वाद्यांचा आवाज एका फळ्यावर एकत्र करून श्रोत्यांकडे वळवलेल्या वेगळ्या स्पीकरांतून देण्याची पद्धत रूढ झाली. मग वादकाजवळच्या पेटीचे काम एवढेच उरले, की त्याला स्वतःचे ऐकू यावे.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप असा की, मोकळ्या मैदानात हजारो लोक असले तर प्रचंड शक्ती लागणारच. यात तथ्य आहे. उघड्यावर अंतर दुप्पट झाले की आवाजाची तीव्रता चौथाई होते. पण याच नियमाची दुसरी बाजू पाहा. सगळे बळ एकाच ठिकाणी रचले, तर शेवटच्या माणसाला पुरेसा आवाज पोहोचवण्यासाठी पहिल्या माणसाचे कान भाजावे लागतात. त्याऐवजी मैदानात ठिकठिकाणी लहान स्पीकर ठेवले, तर सर्वांना सारखे ऐकू येते. ३४ मीटर पुढच्या स्पीकरला आवाज एक दशांश सेकंद उशिरा द्यावा लागतो, म्हणजे दोन आवाजांचा गोंधळ होत नाही. आज ही सोय सहज उपलब्ध आहे.

दुसरा आक्षेप तुमच्यासारख्या तरुणांचा असेल. “खर्ज छातीत जाणवला पाहिजे, नाहीतर मजा काय?” ही मजा मी खोटी मानत नाही. खर्ज अंगाला जाणवतो हे खरेच आहे आणि रॉक संगीताच्या आकर्षणात त्याचा वाटा आहे. शिवाय कानाला सर्वाधिक धोका खर्जाचा नसून मधल्या व वरच्या स्वरांचा असतो. पण खर्ज वाढवला की बाकीचे सगळे त्याच्या बरोबरीने वाढवावे लागते. द हूच्या रंगमंचावर हेच झाले. शेवटी धोक्याचे स्वरही तेवढेच चढतात.

अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्थेने कामगारांसाठी सुचवलेली मर्यादा अशी: ८५ डेसिबेल आवाजात दिवसाला ८ तास, त्यापुढे दर ३ डेसिबेलला वेळ निम्मा. कागदावर हिशेब करून पाहा. १०० डेसिबेलला फक्त १५ मिनिटे येतील. आपल्या प्रत्येक अंतर्कर्णात सुमारे १५ हजार केसपेशी जन्मतः असतात. त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. व्हॉल्व्ह जळाला तर नवा बसवता येतो. ही सोय इथे नाही.

आपल्या रस्त्यावर

आता तुमच्या लक्षात आले असेल की, मी एवढ्या दूरची कहाणी का सांगितली. मिरवणुकीत ट्रकवर रचलेल्या स्पीकरांच्या भिंती आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. खिडक्यांची तावदाने थरथरतात, म्हातारी माणसे दारे लावून बसतात, आणि पुढच्या मंडळाची भिंत मागच्या मंडळाहून एक थर उंच असते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबेल ही मर्यादा आहे. नियम आहेत, पण नुसत्या नियमांनी भागत नाही. भिंत रचणाऱ्या मुलांना कोणी गणित समजावून सांगितले आहे काय? पेट्या दुप्पट केल्या, भाडे दुप्पट भरले, तरी ऐकणाऱ्याला आवाज दुप्पट वाटत नाही. जवळ उभ्या असलेल्या लहान मुलांच्या कानांचा सुरक्षित वेळ मात्र निम्म्याने घटतो.

शिक्षकांना माझी विनंती आहे की, ध्वनीचा पाठ शिकवताना सूरकाट्यावर थांबू नका. मोबाइलवर ४१, ८२ आणि १६४ हर्ट्झचे स्वर वाजवून दाखवा. पहिला बहुधा ऐकूच येणार नाही. मग त्याच मोबाइलवर बेस गिटारचे एखादे गाणे लावा आणि “आता खर्ज कसा ऐकू आला?” असे विचारा. जुना स्पीकर ध्वनिमुद्रकाच्या मायक्रोफोनच्या जागी जोडून त्याच्यासमोर बोलायला सांगा. एक सावधगिरी मात्र बाळगा. व्हॉल्व्हचा जुना अ‍ॅम्प्लिफायर कोणाकडे असला तरी विद्यार्थ्यांनी तो उघडू नये. आत शेकडो व्होल्टचा दाब असतो आणि वीज बंद केल्यावरही तो कपॅसिटरमध्ये टिकून राहतो.

लिओ फेंडर यांनी बेसमन बनवला तो इतरांना दाबून टाकण्यासाठी नव्हे. मागे उभ्या असलेल्या, कोणालाच ऐकू न येणाऱ्या वादकाचा स्वर लोकांपर्यंत पोहोचावा, एवढाच त्यांचा हेतू होता. पुढच्या वेळी तुमच्या हाती आवाजाची खुंटी येईल तेव्हा ती फिरवण्यापूर्वी विचारा, आपण कोणाला तरी ऐकू यावे म्हणून ती फिरवत आहोत, की दुसऱ्या कोणाचे ऐकूच येऊ नये म्हणून?